आईच्या दोन दाढा, मिशरी आणि इम्प्लांटचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा: तासगाव तालुक्यातलं कुटुंब. आईचं वय ६१. खालच्या उजव्या बाजूच्या शेवटच्या दोन दाढा दोन वर्षांपूर्वी काढल्या. साखर आहे, गोळ्या चालू आहेत, सकाळी मिशरी लावतात. एका डॉक्टरांनी काढता-घालता येणारे दात सुचवले, दुसऱ्यांनी दोन इम्प्लांट (म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा धातूचा स्क्रू आणि त्यावर दाताची कॅप), तिसरे म्हणाले तीन दिवसांत फिक्स दात देतो. काय करावं, खर्च किती, आयुष्यभर टिकतं का, निगा कशी राखायची? शिवाय आईंचा स्वतःचा प्रश्न, भाजके शेंगदाणे आणि ऊस पुन्हा खाता येईल का?

सांगलीत दवाखाना चालवून मला बावीस वर्षं झाली. असा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो, आणि मिशरीचा उल्लेख बहुतेक वेळा जाता जाता केलेला असतो. मी तिथूनच सुरुवात करतो.

मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखू. 'खाते' न म्हणता 'लावते' म्हटल्यामुळे तो तंबाखू वाटत नाही एवढंच. निकोटिन हिरडीतून रक्तात जातंच. त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ज्या हाडाने स्क्रूला धरायचं त्या हाडालाच रक्त कमी पडतं. त्यात ती भुकटी बोटाने हिरडीच्या कडेवर घासली जाते, म्हणजे जिथे टाके असणार नेमकी तिथे. सोडा म्हटलं की काकू मंडळींचं पहिलं उत्तर ठरलेलं, "मिशरीशिवाय पोट साफ होत नाही डॉक्टर." यात खोटं काही नाही, निकोटिनने आतड्याची हालचाल वाढते. म्हणून नुसतं रागावून उपयोग होत नाही. सकाळचं कोमट पाणी, इसबगोल, अशी दुसरी सोय आधी लावून द्या, मग डबी बाजूला पडते. ऑपरेशनच्या आधी दोन-तीन आठवडे आणि नंतर हाड धरेपर्यंतचे महिने पूर्ण बंद, आणि खरं तर कायमचीच. ती सुटत नसेल तर मी इम्प्लांटला हात घालत नाही. काही सहकाऱ्यांना हे फार कडक वाटतं. वाटू दे.

आता साखर. मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट होत नाही, हा समज चुकीचा आहे. बोट टोचून घरी बघितलेली साखर मात्र मला पुरत नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करून आणा. ती ७च्या आसपास असेल तर मी निर्धास्त काम करतो. ८च्या वर असेल तर फिजिशियनकडे परत पाठवतो. दाढा जाऊन दोन वर्षं झालीच आहेत, अजून दोन महिन्यांनी काही बिघडत नाही.

गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या सोबत घेऊन या, नुसती नावं तोंडी सांगू नका. मी दोन गोष्टी शोधतो. एक, रक्त पातळ करणारी गोळी. ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. दात काढायचा म्हणून परस्पर गोळी थांबवून हृदयाचा त्रास ओढवून घेण्यापेक्षा थोडं जास्त रक्त आलेलं परवडतं. दुसरी, हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ती, म्हणजे आठवड्यातून एकदा घ्यायची अॅलेंड्रोनेट किंवा वर्षातून एकदा सलाईनमधून देतात ते झोलेड्रोनिक अॅसिड. साठीतल्या बायकांना ही औषधं सर्रास दिली जातात, आणि दाताशी त्याचा काय संबंध म्हणून कोणी सांगत नाही. संबंध असा की या औषधांनंतर क्वचित जबड्याच्या हाडाची जखम भरायचीच थांबते. घेतलं असेल तर किती वर्षं, ते आधी कळायला हवं.

मग तीन सल्ल्यांपैकी कोणता? ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेले जोडदात, कोणीच कसा सुचवला नाही, असं तुमच्या मनात आलं असेल. ब्रिजला दोन्ही बाजूंना खांब लागतात. आयर्विन पुलाचा सांगलीकडचा काठच नसता तर पूल टेकवला कशावर असता? शेवटच्या दोन्ही दाढा गेल्यावर मागे काही उरत नाही, म्हणून तिथे ब्रिजचा विषयच संपतो. मधली एखादी दाढ गेली असती आणि शेजारच्या दोन्ही दातांवर आधीपासून कॅप असत्या, तर मी स्वतः ब्रिजच सुचवला असता. इम्प्लांट हे सगळ्यालाच उत्तर नव्हे.

काढता-घालता येणारे दात स्वस्त पडतात आणि ऑपरेशन टळतं. पण एकाच बाजूला मागे दोन दाढांचा तुकडा असला की तो हलतो, खाली दाणे अडकतात, आणि महिनाभरात तो ओल्या डबीत न राहता कपाटात जाऊन बसतो. वरच्या-खालच्या सगळ्या दातांची कवळी ही वेगळी गोष्ट. तिथे खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट टाकून कवळी बटणासारखी अडकवता येते आणि म्हाताऱ्या माणसाचं जेवण त्याने पालटतं.

तीन दिवसांत फिक्स दात ही थाप नाही. अनेक स्क्रू घट्ट बसले, ते एकमेकांना जोडले, तर लगेच दात बसवता येतात. पूर्ण जबड्याच्या कामात हे होतं. तुमच्या आईंना साखर आहे, प्रश्न मागच्या दोन दाढांचा आहे, चावण्याचा सगळ्यात जास्त जोर तिथेच पडतो, आणि त्या दोन वर्षं थांबल्या आहेत. इथे घाई कोणासाठी करायची?

राहिले दोन इम्प्लांट. इथे मी एक उलटा प्रश्न विचारतो: दोन कशाला? चावण्याचं खरं काम पहिली मोठी दाढ करते. तिच्या जागी एक इम्प्लांट टाकून बघा. शेवटच्या दाढेवाचून लाखो माणसं व्यवस्थित जेवतात. तिथे हात पोचत नाही, ब्रश पोचत नाही, तोंडही पुरेसं उघडत नाही. पैसे निम्मे लागतात आणि साफ करायची जागाही निम्मी राहते. एक अडचण बघावी लागेल. खालची जोडीदार गेल्यावर वरची दाढ हळूहळू खाली उतरते. दोन वर्षांत ती फार उतरली असेल तर खालच्या कॅपला उंची उरत नाही, आणि मग वरच्या दाढेचं काहीतरी करणं भाग पडतं.

त्याआधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन. सांगली-मिरजेत तो आता सहज होतो. दात काढल्यावर हाडाची रुंदी पहिल्या वर्षातच बरीच कमी होते, ती किती उरली ते साध्या एक्स-रेत दिसत नाही. शिवाय खालच्या दाढांच्या मुळाखालून ओठाला जाणारी नस एका बोगद्यातून जाते. स्क्रूचं टोक तिच्यापासून किमान २ मिलिमीटर दूर राहायला हवं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीही खालचा ओठ-हनुवटी बधिर वाटत असेल तर चार दिवस वाट बघू नका, त्याच सकाळी फोन करा. नसेवर दाब असेल तर स्क्रू काढायचा निर्णय लवकर घ्यावा लागतो.

हा सगळा प्रकार एका अपघाती शोधातून आला. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५०च्या दशकात सशाच्या हाडातला रक्तपुरवठा बघत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची नळकांडी प्रयोग संपल्यावर निघेनात, हाडाने ती धरून ठेवली होती. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. तो माणूस २००६ साली वारला तेव्हाही त्याचे इम्प्लांट तोंडात काम करत होते. आयुष्यभर टिकतं का, या प्रश्नाला लोक हाच दाखला देतात. मी जपून सांगतो. दहा वर्षांनी शंभरातले नव्वदहून अधिक इम्प्लांट जागेवर असतात. पण जागेवर असणं आणि निरोगी असणं यात फरक आहे, त्याकडे येतोच. आणि स्क्रू टिकला तरी वरची कॅप बारा-पंधरा वर्षांत बदलावी लागेल, हे धरून चाला.

प्रत्यक्ष ऑपरेशनला लोक उगाच घाबरतात. भूल तीच, दाढ काढताना देतात ती. स्क्रू साधारण ४ मिलिमीटर जाडीचा आणि १० मिलिमीटर लांबीचा, म्हणजे शेंगदाण्याच्या दाण्याहून बारीकच. हिरडी थोडी उघडून आधी २ मिलिमीटरचं छिद्र, मग क्रमाने मोठं, आणि सगळा वेळ वर सलाईनची धार. ही धार महत्त्वाची, कारण हाड ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापलं तरी तिथल्या पेशी मरतात आणि मग कितीही महागडा स्क्रू असू दे, हाड तो धरत नाही. शेवटी छोट्या पान्याने स्क्रू आवळायचा. खाली काकूंना काही दुखत नसतं, पण जबड्यात घरघर होते ती जाणवते, ते आधी सांगितलेलं बरं. "दाढ काढताना याहून जास्त झालं होतं," असं उठल्यावर बरेच जण म्हणतात.

पहिला दिवस थुंकायचं नाही, खळखळून चूळ भरायची नाही, गरम काही नको. गालावर बाहेरून बर्फ. पेज, मऊ भात, गार आमटी. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते आणि मग उतरते, त्यामुळे तिसऱ्या दिवशी घाबरून जाऊ नका. आणखी एक, आपल्या गावची खास सूचना: जखमेत हळद दाबायची नाही. हळदीच्या पेठेच्या गावात हे लिहायला धीर लागतो, पण टाक्यांत अडकलेली भुकटी चिमट्याने वेचून काढायची वेळ माझ्यावर दोनदा आली आहे.

खालच्या जबड्यात हाड धरायला तीन महिने धरा, साखर असल्यामुळे मी चार घेईन. त्यानंतर आरशाच्या दांडीने स्क्रूवर हलकं ठोकून बघतो. धरलेला स्क्रू टण्ण वाजतो, न धरलेल्याचा आवाज ठप्प येतो. मोजायची यंत्रं आहेत, वापरतोही, पण तो टण्ण आवाज ऐकला की खुर्चीतला माणूस आणि मी दोघंही सैलावतो.

कॅप बसवण्याच्या दोन रीती. एक स्क्रूने आवळायची, दुसरी सिमेंटने चिकटवायची. सिमेंटची माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एका शिक्षकांना दाढ बसवली होती. चार वर्षांनी ते शेजारच्या दाताची कीड दाखवायला आले. सहज म्हणून इम्प्लांटजवळची हिरडी दाबली तर कडेने पू आला. एक्स-रेत तीन आटे उघडे पडलेले, आणि हिरडीखाली ज्वारीच्या दाण्याच्या टोकाएवढा सिमेंटचा खडा, माझ्याच हातून राहिलेला. "सर, दुखलं नाही का कधी?" विचारलं, तर म्हणाले, "अजिबात नाही." तेव्हापासून जमेल तिथे मी कॅप स्क्रूनेच बसवतो.

ते "अजिबात नाही" नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी निगा त्याच्याशी जोडलेली आहे. आपल्या दाताच्या मुळाभोवती तंतूंचा एक पातळ पडदा असतो. त्यात संवेदना असतात, तिथे जंतूंना अडवणारा रक्तपुरवठा असतो. भातात खडा आला की दात झटकन मागे येतो तो त्या पडद्यामुळे. इम्प्लांटला तो पडदा नाही, हाड थेट धातूला चिकटलेलं असतं. त्यामुळे खडा आल्याचं नीट कळत नाही, कॅपचा टवका उडाल्यावर कळतं. आणि भोवतीचं हाड झिजलं तरी दातासारखा ठणका लागत नाही. कीड इम्प्लांटला लागत नाही हे खरं, पण हिरडीचा रोग लागतो, आणि आपल्या दातापेक्षा वेगाने आत जातो. सुरुवातीला नुसती हिरडी लाल होते, ब्रशला रक्त लागतं. इथवर सगळं परत फिरतं. हाड गेलं की ते सहसा पूर्ववत होत नाही, उरलेलं वाचवायची धडपड करावी लागते.

म्हणून रोजची सफाई. मऊ ब्रश, हिरडीच्या कडेवर तिरका धरून, दोन वेळा. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्या माणसाची खालच्या उजव्या दाढांची जिभेकडची बाजू हमखास राहते, मनगट तिकडे वळत नाही. तुमच्या आईंची दाढ नेमकी तीच. मी आरसा हातात देऊन ती बाजू आधी घासायला लावतो, ब्रश ताजा आणि मन जागेवर असताना. मग रात्री झोपताना दोन दातांमधला छोटा ब्रश, बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसतो तो. इम्प्लांटची मान बारीक आणि कॅप रुंद, त्यामुळे कडेला कोनाडे तयार होतात आणि मेथीचा दोरा, भडंगातलं शेंगदाण्याचं साल तिथेच जाऊन बसतं. तो छोटा ब्रश किंचित अडकत आत जायला हवा. सुळकन गेला तर लहान, ढकलावा लागला तर मोठा. माप दवाखान्यात ठरवून घ्या. तारेवर प्लास्टिकचं आवरण असलेलाच आणा. बांगडीतली सेफ्टी पिन आणि आगपेटीची काडी यांचा विषय आईंशी तुम्हीच काढा, माझ्यासमोर त्या नाहीच म्हणतील.

पाण्याच्या फवाऱ्याचं मशीन चांगलं, पण हौस म्हणून. छोट्या ब्रशच्या बदली नव्हे. क्लोरहेक्सिडिनची चूळ ऑपरेशननंतर दोन आठवडे पुरे, त्यापुढे दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव जाते. मिठाच्या पाण्याने बरं वाटतं, तेवढंच. मिशरी सोडून राख किंवा कोळशाच्या मंजनावर जायचं नाही, त्यानेही घासून नुकसानच. रात्री दात खायची सवय असेल तर झोपताना घालायचा गार्ड करून घ्या.

कॅप बसेल त्या दिवशीचा एक्स-रे मागून घ्या. पुढे हाड कमी झालं का, हे त्याच्याशीच ताडून बघायचं असतं. साखर आहे म्हणून पहिलं वर्ष तीन महिन्यांनी दाखवा, नंतर सहा महिन्यांनी, आणि वर्षातून एकदा एक्स-रे. दुखत नाही म्हणून तपासणी चुकवायची नाही, हे वर लिहिलंच आहे. कॅप किंचित जरी हलली तर त्या बाजूने चावणं बंद करून लगेच या. सैल झालेला स्क्रू पाच मिनिटांत आवळता येतो. तसाच चावत राहिलात तर तो आत तुटतो आणि मग दोन तास लागतात.

आणि कार्ड. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, जाडी, लांबी, लॉट नंबर लिहिलेला स्टिकर असतो. तो कार्डावर चिकटवून मागा, आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा. विट्याकडचे एक गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, जत्रेला गावी आले होते. दुकान पार दक्षिणेत, इम्प्लांट तिकडेच केलेलं, कार्ड हरवलेलं, आणि कॅप लटलटायला लागलेली. स्क्रूचं डोकं समोर दिसतंय, पण माझ्याकडचा एकही पाना बसेना. काही कंपन्यांचा १.२ मिलिमीटरचा, काहींचा १.२५चा, काहींचा चांदणीसारखा. एक्स-रेतला आकार बघून अंदाज बांधला, मिरजेच्या मित्रांकडून तीन पाने मागवले, आणि तिसऱ्या दिवशी एक बसला. काम होतं पाव फिरकीचं. माणसाने जत्रेचं मटण मात्र डाव्या बाजूने खाल्लं.

खर्चाचं बोलायचं तर आमच्या भागात एका दाढेला, कॅप धरून, साधारण २५,००० ते ५०,००० रुपये. फरक पडतो तो कंपनीचा आणि कॅपच्या प्रकाराचा. हाड भरावं लागलं तर वेगळे. नुसत्या स्क्रूचा भाव सांगून कॅपचा नंतर सांगायची पद्धत काही ठिकाणी आहे. त्यामुळे आकडा कागदावर घ्या आणि कॅप, स्कॅन, पहिल्या वर्षाच्या तपासण्या त्यात आहेत का ते विचारा. फार नवख्या कंपनीचा स्क्रू नको, एवढंच मी सांगेन. दहा वर्षांनी तिचा पाना मिळायला हवा.

आता आईंचा प्रश्न. कॅप बसल्यावर पहिला महिना भाकरी आमटीत कुस्करून, भाज्या शिजवून, दोन्ही बाजूंनी चावत. मग शेंगदाणे, अगदी भाजके, खुशाल. भडंगही. ऊस दातांनी सोलायचा नाही, पण तो पुढच्या दातांचा प्रश्न आहे आणि साठीनंतर तसाही कोणी सोलू नये. कोयत्याने सोलून बारीक करवे करून द्या, आणि चावताना उजवीकडे-डावीकडे आलटून पालटून. साखरेचं मात्र त्यांच्या फिजिशियनला विचारा. उसाला मी हो म्हटलं, असं तिकडे सांगू नका.